माळ हिरवा होताना घोडा कसा चारावा

पहिल्या पावसानं माळ हिरवा झाला की तबेल्यातला घोडा दाराशी कान टवकारून उभा राहतो. कित्येक महिने सुकं गवत खाल्लेल्या जनावराला हिरव्याचा वास लांबूनच लागतो. नव्यानं शिकायला आलेल्या मुलामुलींना अशा वेळी वाटतं, सोडूया की याला, खाऊ दे पोटभर.

मलाही तसंच वाटलं होतं. शिकाऊ असताना मी एक घोडी दुपारभर कोवळ्या गवतात मोकळी सोडली. संध्याकाळी ती खाली बसत होती, उठत होती आणि मान वळवून सारखी स्वतःच्या कुशीकडे बघत होती. डॉक्टर आले, घोडी वाचली, पण ती रात्र मी विसरलेलो नाही. म्हणून माळावर सोडण्याआधी हे वाचा.

आधी पोट समजून घ्या. घोडा रवंथ करत नाही. त्याचं जठर अंगाच्या मानानं फार लहान, 8 ते 15 लिटरचं. त्यात आम्ल दिवसरात्र पाझरत असतं, चारा असो वा नसो. या आम्लाला लाळ आवरते, आणि घोड्याला लाळ सुटते ती चावतानाच. त्यामुळे बराच वेळ रिकामी गव्हाण म्हणजे जठरात जखमा. मोकळा घोडा दिवसाचे सोळा-सोळा तास चरतो, तो हावरा असतो म्हणून नव्हे, त्याचं पोटच तसं घडलेलं आहे. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. चुकीचं काही आत गेलं तर ते पुढेच सरकणार.

खरी पचनाची भट्टी मागे आहे. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी एक पिशवी असते, तिच्यात तीसेक लिटर सहज मावतं. तिथले सूक्ष्मजीव गवताचा चोथा आंबवतात आणि त्यातून घोड्याला ताकद मिळते. हे जीव रोजच्या चाऱ्याला सरावलेले असतात. कोवळ्या गवतात साखर जास्त, चोथा कमी. ते एकदम ढिगानं आलं की साखरेवर जगणारे जीव झपाट्यानं वाढतात, आतडं आंबट होतं, चोथा पचवणारे मरतात आणि त्यातून सुटलेलं विष रक्तात उतरतं. मग वायू धरतो, पोटशूळ उठतो. कधी खुराच्या आतला, हाडाला धरून ठेवणारा थर सुजतो. त्याला लॅमिनायटिस म्हणतात. त्यातून काही घोडे कायमचे लंगडे होतात.

म्हणून बदल हळूहळू करा. पहिल्या दिवशी सुकं गवत खाऊ घालून मगच बाहेर काढा आणि 15 ते 20 मिनिटांत परत आणा. रोज दहा-पंधरा मिनिटं वाढवत किमान दोन आठवडे घ्या. उन्हाच्या दिवसांत गवतातली साखर दुपारनंतर चढते, तेव्हा सकाळी लवकर चारणं चांगलं. घोडा जाड असेल, मानेवर चरबीचा कडक पट्टा असेल किंवा त्याला पूर्वी खुरांचा त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नव्या गवतावर सोडूच नका.

किती घालायचं हे अंदाजानं ठरवू नका. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेराला घेरानं गुणा, मग लांबीनं गुणा, आलेल्या आकड्याला 11,880 नं भागा. घेर 160 आणि लांबी 150 असेल तर वजन साधारण 323 किलो येतं. त्याच्या 2 टक्के, म्हणजे सुमारे साडेसहा किलो सुका चारा रोज हवा. पाच किलोच्या खाली कधीच जाऊ नका. कोवळ्या गवतात पाचांतले चार हिस्से पाणीच असतं, म्हणून ओल्या गवताचा भारा दिसायला मोठा असला तरी त्यात खाणं थोडं. गवत जाळीत भरून काट्याला टांगा. पहिल्यांदा वजन करणारा जवळजवळ प्रत्येक जण चकित होतो.

चंदीचा नंबर चाऱ्यानंतर. हलकं काम करणाऱ्या घोड्याला चांगल्या गवतावर बहुतेक वेळा दाण्याची गरज पडत नाही. द्यायचीच तर वजन करून द्या, मगानं मोजू नका, कारण मगभर मक्यात मगभर ओटच्या जवळपास दुप्पट ताकद असते. या वजनाच्या घोड्याला एका वेळी दीड किलोच्या वर दाणा नको. विश्रांतीच्या दिवशी तो कमी करा. गव्हाच्या कोंड्यावर भर देऊ नका. त्यात फॉस्फरस फार, कॅल्शियम कमी, आणि तेच रोज चालू राहिलं तर हाडं कमजोर होतात. गाईगुरांचं किंवा कोंबड्यांचं खाद्य तर घोड्यासमोर ठेवूच नका. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गुरांना ते चालतं, पण घोड्याच्या हृदयाला ते थोडंही घातक ठरतं.

दमट दिवसांत गवताची गंजी तपासत राहा. हात आत खोल घाला. ऊब लागली, कुबट वास आला किंवा पांढरी भुकटी उडाली, तर तो चारा टाकून द्या. यंत्रानं कापलेल्या हिरवळीचा ढीगही घालू नका. तो लगेच आंबतो आणि घोडा न चावता गिळतो. पाणी मात्र कायम समोर हवं. असा घोडा सुक्या चाऱ्यावर दिवसाला 20 ते 30 लिटर पितो, उकाड्यात त्याहून जास्त. जोडीला मिठाची वीट ठेवा.

आता रोजची सवय. सकाळी लीद मोजा. दिवसाला आठ-बारा वेळा लीद ही ठीक खूण. मग कुशीला कान लावून मिनिटभर थांबा. आतून गुडगुड ऐकू यायला हवी. खुरांना हात लावून पाहा, ते गरम तर नाहीत ना. आवाज बंद, लीद बंद, घोडा पाय आपटतोय, लोळतोय, किंवा पुढचे पाय वाचवत मागे रेलून उभा आहे, असं दिसलं तर चारा-दाणा काढून घ्या, मोठ्या माणसाला हाक मारा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. ते येईपर्यंत कागदावर लिहून ठेवा: काल काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळ बाहेर होता, शेवटची लीद कधी पडली.