विमानप्रवासात पाण्याची बाटली विकत घेऊ नका, घरून रिकामी न्या

आंतरराष्ट्रीय प्रवासात 100 मिलीपेक्षा जास्त पाणी सुरक्षा तपासणीतून सहसा पुढे नेता येत नाही. म्हणून लोक भरलेली बाटली तिथेच कचऱ्यात टाकतात आणि आत जाऊन दुप्पट-तिप्पट पैसे मोजून नवी घेतात. रिकाम्या बाटलीला मात्र हरकत नसते.

1. स्टीलची किंवा जाड प्लास्टिकची रुंद तोंडाची बाटली घ्या. तपासणीच्या रांगेत शिरण्याआधीच ती पूर्ण रिकामी करा. पाणी ओतून देऊ नका, पिऊन टाका.

2. आत गेल्यावर पिण्याच्या पाण्याचा नळ शोधा. तो बहुधा स्वच्छतागृहाच्या शेजारी असतो. दिसला नाही तर सफाई कर्मचाऱ्यांना विचारा, त्यांना नेमकी जागा ठाऊक असते. बोर्डिंग सुरू होण्याआधी बाटली भरून घ्या, नंतर घाई होते.

3. विमानात काही नको असेल तर ट्रे समोर येण्याआधीच सांगा. उघडलेलं पाकीट तर कचऱ्यातच जातं, आणि न उघडलेलं परत दिलं तरी ते पुन्हा वापरलं जाईलच असं नाही. इअरफोन स्वतःचे न्या, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतली नवी जोडी फोडावी लागत नाही.

घरचा डबा नेत असाल तर एक सांभाळा: ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाताना उरलेली फळं आणि खाऊ उतरण्याआधी संपवा. सोबत राहिलंच, तर प्रवेशाच्या फॉर्मवर तसं नोंदवा. लपवलं तर मोठा दंड होतो.