चित्रकलेच्या उन्हाळी शिबिरात महिना कसा काढावा

एप्रिल संपत आला की मला फोन यायला लागतात. "मुलगी नववीत आहे, हात चांगला आहे, मे महिन्यात शिबिराला घालायचीय. काय काय साहित्य घ्यावं लागेल?" प्रश्न दरवर्षी साहित्याचाच असतो. साहित्याची यादी शिबिरवाले देतात. ती रंगांच्या दुकानात दाखवली की दुकानदार पिशवी भरून देतो. विषय संपला.

आधी एक खुलासा. सकाळी दोन तास, थोडी वारली, थोडं क्राफ्ट आणि शेवटच्या दिवशी प्रदर्शन व सामोसा, त्या शिबिराबद्दल मी बोलत नाही. तेही छान असतं. मी बोलतेय ते नववी ते बारावीच्या मुलांसाठी असलेल्या तीन-चार आठवड्यांच्या शिबिराबद्दल, जिथे दिवसाचे सात-आठ तास ड्रॉइंग बोर्डसमोर जातात. दहावीच्या सुट्टीत मी असं एक शिबिर कोल्हापुरात केलं. आता बरीच वर्षं अशाच शिबिरांत शिकवायला जाते, त्यामुळे तीच चूक दर मे महिन्यात नव्या तीस मुलांकडून होताना बघते.

शिबिर निवडताना

फोन करून एकच विचारा: समोर जिवंत माणूस बसवून किती तास काम करून घेता? "फोटोवरून पोर्ट्रेट शिकवतो" असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा. फोटोवरून काढायला घरची जेवणाची टेबलंही चालतात, त्यासाठी होस्टेलचे पैसे भरू नका. एका शिक्षकामागे पंधराच्या वर मुलं असतील तरी मी नकोच म्हणेन.

आणि दोन गोष्टींची गल्लत करू नका. बारावीनंतरच्या कला सीईटीचे, म्हणजे कला महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षेचे क्लास हे वेगळं प्रकरण आहे. तिथे वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र हे सगळं घड्याळ लावून घोटून घेतात, आणि परीक्षेसाठी ते बरोबरच आहे. पण शिबिरात घड्याळाची घाई घेऊन जाल तर महिना फुकट.

साहित्याबद्दल यादीत न लिहिलेलं एवढंच: कोरा न्यूजप्रिंट कागद किलोवर मिळतो, तो दोन किलो घ्या. घरातलं जुनं, मऊ झालेलं सुती कापड घ्या, आजोबांच्या धोतराचा तुकडा असेल तर उत्तम. चोवीस पेन्सिलींचा डबा घेऊ नका. चारकोलच्या, म्हणजे कोळशाच्या काड्या, चार बी आणि सहा बी या मऊ पेन्सिली एकेक आणि मळता येणारं खोडरबर, बस्स.

पहिले तीन-चार दिवस

पटापट स्केचेस असतात. तीस सेकंद, एक मिनिट, दोन मिनिटं. मजा येते, हात सैल होतो. सांगण्यासारखं काही नाही.

पैलवानाचा कान

खरी गोष्ट पाचव्या-सहाव्या दिवशी सुरू होते. एक माणूस, एक बैठक, पूर्ण सकाळ. इथे माझी गाडी अशी रुतली होती की मी घरी परत निघाले होते.

मी इंटरमिजिएटच्या चित्रकला ग्रेड परीक्षेत ए ग्रेड घेऊन गेले होते. दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळणार होते, त्यामुळे नाक वर. शेडिंग तर असं की काचेच्या बाटलीवरचा उजेड बघून शेजारच्या बाई हात लावून बघायच्या. समोर बसवले होते तालमीत आयुष्य गेलेले एक म्हातारे पैलवान. डोक्याला फेटा, उघडे पाय स्टुलाखाली, आणि कुस्ती खेळून मोडलेले, गाठी झालेले कान. त्या कानावर माझा जीव जडला. चाळीस मिनिटं मी तो कान काढत होते. प्रत्येक वळी, प्रत्येक सावली. मग चेहरा, मग खांदा, मग हात. गुडघ्यापर्यंत आले आणि कागद संपला. पावलांना जागाच नाही.

सर मागे येऊन उभे राहिले. "कान झकास काढलाईस गं. पण पैलवान कुठाय? का नुसता कानच आलाय व्हय बसायला?" आणि त्यांनी माझ्याच धोतराच्या तुकड्याने कान पुसून टाकला.

पुढचे तीन दिवस पावलं कागदाबाहेरच जात राहिली. मी मुद्दाम वरून सुरुवात केली, आकार लहान केला, तरी शेवटी पाय एक तर बाहेर किंवा कडेला बसवण्यासाठी चिरडलेले. कारण उघड होतं, मलाच दिसत नव्हतं: मी माणूस काढतच नव्हते, तुकडे काढून एकमेकांना चिकटवत होते. प्रत्येक तुकड्यात चूक पाव इंचाचीच, पण दहा तुकड्यांची मिळून अडीच इंच. ती सगळी शेवटच्या तुकड्याच्या, म्हणजे पावलांच्या माथी.

ग्रेड परीक्षेने ही सवय लावलेली असते असं नाही. पण तिथे समोर तांब्या, दोन वांगी आणि एक फडकं असतं, म्हणून ती खपून जाते. तांब्याला पाय नसतात.

यातून बाहेर पडायचा रस्ता एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे.

काहीही काढण्याआधी कागदावर दोन फिकट आडव्या रेघा मारा. वरची फेट्याच्या टोकाला, खालची सर्वांत पुढे आलेल्या अंगठ्याला. पूर्ण माणूस या दोन रेघांच्या मध्ये बसणार, हे ठरलं. आता त्या रेघा हलवायच्या नाहीत. अर्ध्या तासाने "थोडं खाली सरकवू का?" असं वाटेल. नाही. सरकवली की तुम्ही पुन्हा तुकड्यांकडे गेलात.

मग मोजा. पेन्सिल चालते, पण मी सायकलच्या चाकाची तार वापरते, कारण ती बारीक आणि सरळ असते. हात पूर्ण ताठ, कोपर अजिबात वाकलेलं नाही, एक डोळा बंद आणि दर वेळी तोच डोळा बंद. कोपर दोन इंच वाकलं की माप बदललं, आणि तुम्हाला वाटत राहतं आपण मोजतोय. तारेचं टोक फेट्याखाली कपाळाच्या वरच्या कडेला, अंगठा हनुवटीला. हे तुमचं एक माप. कमरेपर्यंत किती, गुडघ्यापर्यंत किती, पावलांपर्यंत किती? उभा माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो हे पाठ असतं सगळ्यांना. पाठ असलेलं इथे विसरा. समोरचा माणूस बसलाय, मांड्या तुमच्याकडे आल्यात, त्यांची लांबी आखूड दिसणारच. डोक्यातल्या आकड्यावर जाऊ नका, तारेवर जा.

आणि ते माप जसंच्या तसं कागदावर उतरवायचं नसतं. दर वर्षी कोणीतरी तार कागदावर ठेवून खूण करतं आणि दोन इंचाचा पैलवान काढतं. मोजायचं ते प्रमाण: हे त्याच्या किती पट.

एक गोष्ट मात्र तोंडपाठ ठेवाच. पाऊल साधारण डोक्याच्या उंचीइतकं लांब असतं. नवशिकी मुलं ते हमखास छोटं काढतात, आणि मग माणूस खुर्चीत बसल्यासारखा न दिसता टांगल्यासारखा दिसतो.

तुमची बसायची जागाही मापात धरा. डाँकीचे, म्हणजे बोर्ड टेकवून ज्यावर बसतो त्या बाकाचे पाय जमिनीवर खडूने आखून घ्या. जेवणानंतर एक वीत पुढे सरकून बसलात तर सगळी मापं खोटी. मॉडेल दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठून विश्रांती घेतं. त्यांच्या पावलांभोवतीही खडूची रेघ मारा. हे काम शिबिरवाल्यांचं आहे असं म्हणत बसू नका, उठा आणि मारा.

आकार बसला का, हे तपासायला माणसाकडे बघू नका. त्याच्या आजूबाजूच्या रिकाम्या जागांकडे बघा. स्टुलाचा पाय आणि पोटरी यांच्यामध्ये एक अरुंद त्रिकोण दिसतो. कमरेवर हात ठेवला असेल तर तिथे दुसरा. पोटरी कशी असते हे तुमच्या डोक्याला माहीत असतं आणि ते मध्ये लुडबुड करतं. त्या त्रिकोणाबद्दल त्याला काही माहिती नसते, म्हणून तो बरोबर येतो.

डोळे बारीक करा. फक्त दोन भाग दिसू द्या, उजेडातला आणि सावलीतला. पहिला तासभर एवढ्यावरच काम. कान शेवटच्या वीस मिनिटांत. तेही वेळ उरला तर.

आणि पुसा. चारकोल कापडाने पुसलं की फिकट खूण मागे राहते, तीच पुढच्या रेघेला वाट दाखवते. ज्यांना पुसवत नाही त्यांना शिकवता येत नाही, हे मी तोंडावर सांगते. न्यूजप्रिंट दोन किलो आणायला सांगितला तो उगाच नाही.

हात बिघडतो, तेव्हा

हे सगळं करायला लागलात की दुसऱ्या आठवड्यात तुमची चित्रं आधीपेक्षा वाईट दिसायला लागतील. जुनी सफाई गेलेली असते, नवा अंदाज आलेला नसतो. याच दिवसांत रात्री घरी रडत फोन जातो आणि पालक विचारतात, "शिकवतात की नाही तिथे?" पालकांनो, त्या आठवड्यात "आज काढलेलं पाठव ना" असं म्हणू नका. मुलगी तुम्हाला दाखवण्यासाठी एक छान डोळा शेड करून पाठवेल आणि चार दिवस मागे जाईल.

मुलांसाठी इशारा: मॉडेलचा मोबाइलवर फोटो काढून रात्री खोलीत चित्र "दुरुस्त" करू नका. मोबाइल जवळून धरला की पुढे आलेले गुडघे भोपळ्याएवढे होतात आणि डोकं लिंबाएवढं. तुम्ही सकाळी डोळ्यांनी केलेलं बरोबर माप रात्री फोटो बघून चुकवता. आकृतीवर चौकोन पाडून उतरवायची पद्धत, पाच मिनिटांत हुबेहूब डोळा काढायचे व्हिडिओ, हे सगळं मे महिना संपेपर्यंत बंद. जूनमध्ये खुशाल बघा, तेव्हा त्यातलं चुकीचं काय ते तुम्हालाच दिसेल.

मला स्वतःला बाराव्या दिवशी जमलं. चित्र सुंदर नव्हतं. चेहऱ्याच्या जागी नुसती एक सावली होती. पण पैलवान स्टुलावर बसले होते, त्यांचं वजन स्टुलावर होतं आणि दोन्ही पावलं कागदात होती.

संध्याकाळची भिंत

सगळ्यांची चित्रं भिंतीवर लावतात आणि सर बोलतात. तुमच्या चित्रावर बोलत असताना "सर, मॉडेल हललं होतं" असं म्हणू नका. सगळ्यांचंच हललेलं असतं. दुसऱ्याच्या चित्रावर बोलणं चालू असेल तेव्हा जास्त लक्ष द्या, तिथे मन दुखत नसल्यामुळे ऐकू येतं.

बाहेरची कामं

पंचगंगेच्या घाटावर जलरंगासाठी न्यायचे आम्हाला. साडेसहाला पोहोचा, दहानंतर ऊन डोक्यावर येतं, सावल्या मरतात आणि सगळं चपटं दिसतं. पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी काळ्या दगडाची देवळं मे महिन्यात पायथ्यापर्यंत उघडी असतात, ती काढा. रंग ब्रशवरच वाळतो, म्हणून कागद दोन्ही बाजूंनी ओला करून घ्या. काळ्या दगडासाठी काळा रंग उघडू नका, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी एकत्र करा. कोटीतीर्थ आणि रंकाळा या तळ्यांवरही जा. शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार आबालाल रहिमान हेच पाणी पुन्हा पुन्हा काढत बसायचे.

एखादा दिवस सातारा जिल्ह्यातल्या औंधला नेत असतील तर चुकवू नका. तिथल्या यमाई डोंगरावर औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं संग्रहालय आहे. रविवर्म्याची चित्रं आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्प आहे. मुलं चेहऱ्यांसमोर गर्दी करतात. तुम्ही छोटी वही काढा आणि प्रत्येक चित्रातली फक्त पावलं उतरवा.

राहणं-जेवण

झोपा. रात्री दोनपर्यंत गप्पा मारून सकाळी डोळ्यांनी माप घेता येत नाही. बाकी पोळी-भाजी सगळीकडे सारखीच.

परत येताना

चारकोलच्या चित्रांवर फिक्सेटिव्ह, म्हणजे चारकोल कागदावर धरून ठेवणारा फवारा मारा, मोकळ्या हवेत, हातभर लांबून, दोन हलके थर. मग प्रत्येक दोन चित्रांमध्ये कोरा न्यूजप्रिंट घाला आणि सगळा गठ्ठा दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधा. गुंडाळू नका. एसटीत तो वरच्या फळीवर टाकू नका, खिडकीच्या सीटशेजारी उभा धरा. प्रत्येक चित्राच्या मागे तारीख टाका, विशेषतः पाचव्या आणि बाराव्या दिवसाच्या. आणि घरात कोणाला लॅमिनेट करायला देऊ नका. माझ्या काकांनी हौसेने एक करून आणलं होतं. पैलवानाचा अर्धा फेटा प्लास्टिकला चिकटून गेला. पावलं वाचली.