११२ किंवा १०८ वाले तुमचं सिरियसली घेत नसतील तर काय करायचं

११२ लावला की फोन आपल्या गावच्या पोलीस स्टेशनला जातो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये. महाराष्ट्रात तो नवी मुंबई नाहीतर नागपूरच्या कंट्रोल रूमला जातो, तिथला माणूस तुमचं म्हणणं टाइप करतो, ते जिल्ह्याच्या कंट्रोलला जातं आणि तिथून गाडीतल्या स्क्रीनवर. म्हणजे तुम्ही किती घाबरलाय हे गाडीतल्या पोलिसांना कळतच नाही, टाइप झालंय तेवढंच त्यांना दिसतं. "लवकर या हो, खूप भांडण चाललंय" म्हणालात तर पुढे फक्त "भांडण" जाणार, आणि भांडणाला कोण एवढं धावत येतं?

म्हणून टाइप होईल असं बोला. आधी पत्ता, तोही जिल्हा, तालुका, गाव या क्रमाने, कारण मारुतीचं देऊळ प्रत्येक गावात असतं. मग आत्ता काय चाललंय ते: "शेजारच्या घरात नवरा बायकोला कोयत्याने मारतोय, तिला रक्त येतंय, आत दोन लहान मुलं आहेत, दार आतून बंद आहे." हत्यार, रक्त, मुलं, आणि हे अजून चालू आहे की थांबलं. मागची सगळी हकीकत नंतर.

तरी समोरून "घरगुती मामला आहे, आपसात मिटवा" आलं तर वाद घालू नका, त्यात वेळ जातो. शांतपणे म्हणा, "साहेब, मी जे सांगितलं ते तसंच लिहा, गाडी पाठवताय की नाही ते सांगा आणि या कॉलचा नंबर द्या." नंबर मागितला की आपलं बोलणं नोंदीत राहणार हे समोरच्यालाही कळतं. फोन ठेवला तर परत लावा, पहिला कॉल किती वाजता केला होता ते सांगा, आणि शेजाऱ्यांनाही त्यांच्या फोनवरून लावायला सांगा. बोलणंच शक्य नसेल अशी वेळ येऊ शकते, त्यासाठी पॅनिक बटण आजच बघून ठेवा, बऱ्याच स्मार्टफोनवर पॉवर बटण लागोपाठ दाबून आणि साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरून ११२ लागतो.

आजारपणात तर जास्तच सांभाळायला लागतं, विशेष करून पेशंट बाई असेल तर, कारण बाईचं दुखणं चटकन टेन्शन नाहीतर ॲसिडिटीवर ढकललं जातं. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला डिसेंबर २०१७ मध्ये नाओमी मुसेंगा या २२ वर्षांच्या मुलीने पोटात भयंकर दुखतंय म्हणून फोन केला, आवाज अगदी क्षीण, मी मरेन म्हणाली, तर ऑपरेटर म्हणाली की हो, एक दिवस मरालच, सगळेच मरतात. ॲम्ब्युलन्स पाठवली नाही, दुसऱ्या डॉक्टर सर्व्हिसला फोन करायला सांगितलं, काही तासांनी हॉस्पिटलमध्ये तिचा मृत्यू झाला. वाचून अंगावर काटा येतो. घरच्यांनी रेकॉर्डिंग मिळवलं म्हणून २०१८ मध्ये हे बाहेर आलं, आणि २०२४ मध्ये त्या ऑपरेटरला १२ महिन्यांची स्थगित शिक्षा झाली.

त्यामुळे १०८ वर "बरं वाटत नाहीये, कसंतरी होतंय" एवढ्यावर थांबू नका. वय सांगा, शुद्धीवर आहे का, श्वास लागतोय का, छातीत किंवा पोटात कधीपासून दुखतंय, दरदरून घाम आहे का, शुगर-बीपी आहे का. पेशंटचा आवाज खोल गेला असेल तर फोन दुसऱ्याने घ्यावा. टाळाटाळ वाटली तर "डॉक्टरांशी बोलू द्या" म्हणा. १०८ फुकट आहे, गाडीत डॉक्टर असतात, पण ती येईल या भरवशावर बसून राहू नका, एकाने रिक्षा किंवा शेजाऱ्यांची गाडी बघायला धावायचंच.

सगळं निवळल्यावर, भले माणूस वाचलेला असो, कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढा आणि पोलिसांचा कॉल असेल तर एसपी किंवा कमिशनर ऑफिसला लेखी अर्ज द्या. त्यात आपला मोबाईल नंबर, तारीख, वेळ, ऑपरेटर काय बोलला ते लिहा आणि रेकॉर्डिंग जपून ठेवा अशी मागणी करा, पोच घ्या. हे लवकर करा, महिन्याभराने नको. मग माहिती अधिकारात, १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर, रेकॉर्डिंगची कॉपी आणि त्या कॉलवर गाडी कधी निघाली याची नोंद मागा. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील त्याच ऑफिसच्या वरिष्ठांकडे.