कॅरॅव्हॅनने दीवला कसे जावे: बडोदेकरांसाठी मार्गदर्शन

बडोद्याहून दीव रस्त्याने सुमारे 400 किलोमीटरवर आहे. खंभातच्या आखाताला वळसा घालण्यातच बरेचसे अंतर जाते. पहाटे मोटारीने निघालेला माणूस दुपारच्या चहापर्यंत दीवला पोहोचतो. कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीसाठी, मात्र जाताना दोन दिवस धरावेत. ही गाडी उंच आणि जड असते, आडव्या वाऱ्यात ती डोलते आणि एकदम दाबलेल्या ब्रेकने आतली भांडी जागा सोडतात. घाईने जायचे असेल तर कॅरॅव्हॅन न घेतलेली बरी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम होय. दिवाळीची सुट्टी आणि 31 डिसेंबरच्या आसपासचे दिवस मात्र टाळावेत, कारण त्या वेळी अर्धा गुजरात दीवमध्ये असतो. निघण्याचा दिवस ठरवताना रजेच्या कॅलेंडरबरोबर पंचांगही पाहावे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, पाणी किनाऱ्यावर बरेच आत चढते आणि ओहोटीला तितकेच मागे हटते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असल्याने समुद्र त्या मानाने सौम्य असतो. लहान मुले बरोबर असतील तर मी अष्टमीच्या आगेमागे जाणे पसंत करीन.

गाडी भाड्याने घेताना प्रथम कागदपत्रे तपासावीत. दीव केंद्रशासित प्रदेशात असल्यामुळे भाड्याच्या गाडीकडे गुजरातबाहेर जाण्याचा पर्यटक परवाना आहे का, हे मालकाला विचारून तो परवाना प्रत्यक्ष पाहावा. तसेच प्रवासात बसण्याच्या जागा किती आणि त्यांना पट्टे आहेत का, हेही पाहावे. झोपण्याचे बाक चार असले म्हणजे चालत्या गाडीत त्यांवर चौघांनी लोळत जावे, असा त्याचा अर्थ नव्हे.

यानंतर पाण्याचा हिशेब करावा. समजा, टाकी 100 लिटरची आहे. चार माणसांनी भांडी, हातपाय आणि शौचालय यांसाठी माणशी रोज 10 लिटर वापरले, तरी अडीच दिवसांत ती रिकामी होते, आणि यात अंघोळ धरलेली नाही. म्हणून मुक्काम अशा ठिकाणी करावा जेथे स्नानगृह, गोड्या पाण्याचा नळ आणि शौचालयाची टाकी रिकामी करण्याची सोय मिळेल. हे सर्व फोनवर आधीच विचारून घ्यावे. सांडपाणी वाळूत सोडू नये. एसी रात्रभर चालवायचा असल्यास बाहेरून पॉवर प्लगची जोडणी लागते, नुसत्या बॅटरीवर तो टिकत नाही. गॅसचा सिलिंडर उभा बांधावा, गाडी सुरू करण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करावा आणि स्वयंपाक करताना एक खिडकी उघडी ठेवावी. पहिल्या दिवसासाठी घरून दशम्या, मेतकूट आणि लीलो चेवडो नेल्यास वाटेत चूल पेटवावीच लागत नाही.

पहिल्या दिवशी वासद, बोरसद, तारापूर, वटामण आणि धोलेरा या मार्गाने भावनगर गाठावे. वटामणच्या पुढे भालचा सपाट, खारा प्रदेश लागतो आणि तेथे आडवा वारा जाणवतो, म्हणून वेग कमी ठेवावा. वाटेत वेळावदरचे काळविटांचे राष्ट्रीय उद्यान आहे. दुसऱ्या दिवशी तळाजा, महुवा आणि उना करीत दीवच्याच हद्दीतील घोघल्याला पोहोचावे. तळाज्याच्या अलीकडे अलंगकडे जाणारा फाटा आहे. तेथील रस्त्यालगतच्या दुकानांत मोडीत निघालेल्या जहाजांवरील गाद्या, भांडी आणि कपाटे मिळतात, आणि कॅरॅव्हॅनमध्ये जागा कमी असल्याची खरी जाणीव तेथेच होते.

दीवमध्ये गाडी कोठे उभी करावी, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. वाळूवर ती कधीही उतरवू नये. पहिल्या सहलीत नागव्याच्या किनाऱ्यावर ‘जरा पुढे घेऊ’ म्हणून मी गाडी सहा फूट पुढे घेतली आणि ती बाहेर काढायला ट्रॅक्टर, दोन फळ्या आणि अख्खी दुपार लागली. गाडी घट्ट जमिनीवर, तोंड रस्त्याकडे करून उभी करावी, आणि किनाऱ्यावरील वाळलेल्या शेवाळाच्या रेषेवरून भरती कोठवर येते ते ओळखावे. जुन्या दीवच्या गल्ल्या अरुंद आहेत. तेथे कॅरॅव्हॅन नेऊ नये. घोघला किंवा नागवा येथे ती एकदा उभी केली की रिक्षाने अथवा भाड्याच्या स्कूटरने फिरावे.

पाहण्याचा क्रम भरतीप्रमाणे लावावा. गंगेश्वर येथे खडकांच्या कपारीत पाच शिवलिंगे आहेत आणि भरतीच्या लाटा त्यांना स्नान घालतात. ओहोटीला गेल्यास हे दृश्य दिसत नाही. भरतीची वेळ तेथे एकदा विचारून घ्यावी आणि पुढे रोज सुमारे 50 मिनिटे उशीर धरावा. किल्ल्याला मात्र वेळेचे बंधन फारसे नाही, फक्त ऊन टाळावे. पोर्तुगीजांनी 1535 मध्ये तो बांधण्यास सुरुवात केली आणि 19 डिसेंबर 1961 रोजी दीव भारतात आले. नायडा गुहांत मात्र सूर्य डोक्यावर असताना जावे, म्हणजे वरच्या भोकांतून प्रकाश आत उतरतो. 9 डिसेंबर 1971 रोजी बुडालेल्या ‘आयएनएस खुकरी’ या युद्धनौकेचे स्मारक संध्याकाळी पाहावे. नागव्याकडे दिसणारी फांद्या फुटलेली ताडासारखी झाडे म्हणजे होका.

एक दिवस सोमनाथसाठी ठेवावा. ते सुमारे 90 किलोमीटरवर आहे आणि तेथे अहिल्याबाई होळकरांनी 1783 मध्ये बांधलेले मंदिरही आहे. वाटेत कोडीनार लागते. हा तालुका बडोदे संस्थानच्या अमरेली प्रांतात होता, त्यामुळे ‘आजोबा कोडीनारला नोकरीला होते’ हे वाक्य ज्यांच्या घरी ऐकू येते, त्यांनी तेथे चहापुरते तरी थांबावे.

परतताना एका गोष्टीची काळजी घ्यावी. दीवमध्ये दारूविक्री खुली आहे, पण गुजरातमध्ये दारूबंदी आहे. सीमेवर तपासणी होते आणि बाटली सापडल्यास माणसाबरोबर गाडीही अडकते, मग ती भाड्याची असो वा स्वतःची. निघण्यापूर्वी फ्रीज, बाकांखालचे कप्पे आणि पाहुण्यांच्या पिशव्या स्वतः पाहाव्यात. घोघल्याचा किनारा पुढे अहमदपूर मांडवीला जाऊन मिळतो आणि ते गुजरातमध्ये आहे, त्यामुळे सायंकाळी हातात बाटली घेऊन रमतगमत चालणाऱ्याने नकळत हद्द ओलांडलेली असते.

उन्याला पोहोचताच गाडी धुवून घ्यावी, आणि वरच्या रंगापेक्षा खालच्या भागाकडे अधिक लक्ष द्यावे: चाकांच्या आतील बाजू, पायरीचे बिजागर आणि सिलिंडरच्या कप्प्याची कडी येथे खार साचतो. मग गोड्या पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करून झाकण उघडे ठेवावे.