ट्रान्झिटमधला शिवराळ शेजारी

मी ट्रान्झिट कॅम्पात राहते. गिरगावातली आमची चाळ धोकादायक ठरून रिकामी झाली, तेव्हा नवी इमारत उभी राहीपर्यंत म्हणून इकडे आलो आणि इकडचेच झालो. निवृत्त होईपर्यंत एका फौजदारी वकिलांकडे टायपिस्ट होते. त्यामुळे कॅम्पात कुणाला अर्ज लिहून हवा असला की तो माझ्याकडे येतो. सगळ्यांत जास्त अर्ज छताच्या गळतीचे. त्याखालोखाल शेजाऱ्याचे.

सोसायटीत राहणाऱ्याला सेक्रेटरी असतो, वर उपनिबंधक असतो. आपण म्हाडाचे भाडेकरू, आपल्याला यातलं काही नाही. आपला मालक म्हणजे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ, आणि मालक काही जिन्यात राहायला येत नाही. म्हणून एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. माणसाची तक्रार पोलिसांकडे, खोलीची तक्रार म्हाडाकडे. लोक नेमकं उलटं करतात. शिवी खाल्ली म्हणून म्हाडात जातात, शेजारच्याने पोटभाडेकरू घुसवला म्हणून पोलीस चौकीत. दोन्हीकडे 'हे आमच्याकडे येत नाही' ऐकतात, आणि मग सांगत फिरतात की गरिबाचं कुणी ऐकत नाही.

आधी बघा, हा छळच आहे ना

१८० फुटांच्या खोल्या, मध्ये पातळ भिंत. पोर रडणार, मिक्सर फिरणार, रात्रपाळीचा माणूस पहाटे दार वाजवणार. याचे अर्ज मी लिहीत नाही. तोंडावर सांगा, सकाळच्या वेळी सांगा, आणि घरातल्या बाईमाणसाला सांगा. पुरुषाला दारात उभं करून सांगितलं की त्याला तो अपमान वाटतो.

रात्री १० ते सकाळी ६ या वेळात लाउडस्पीकर लावायला २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनी बंदी आहे. सणासुदीला सरकार जे थोडे दिवस सूट देतं तेवढेच अपवाद. त्यासाठी वाद घालत बसू नका, ११२ ला फोन करा.

रात्री-अपरात्री ओरडणारा माणूस म्हातारा असेल, कुणाशी बोलतोय ते त्याचं त्यालाच कळत नसेल, तर तो शिवराळ नाही, आजारी आहे. त्याच्या घरच्यांना टेली-मानसचा १४४१६ हा नंबर द्या. आणि भिंतीपलीकडून येणारा आवाज मार खाणाऱ्या बाईचा असेल, तर तुमची झोपमोड हा विषयच नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर त्याची जबाबदारी येत नाही. १८१ किंवा ११२ फिरवा.

उरला तो खरा छळ: येता-जाता शिव्या, दारावर लाथा, वाट अडवणं, बघून घेईन म्हणणं, दारासमोर कचरा टाकणं, मुलीकडे बघून गाणी म्हणणं.

वही

दहा रुपयांची शाळेची वही आणा. सुटे कागद नकोत, ते हरवतात, आणि तारखा मागाहून घातल्या असंही कोणी म्हणू शकतं. प्रत्येक प्रसंगाला तारीख, वेळ, जागा, कोण काय म्हणालं, कोण हजर होतं, एवढंच लिहा. 'तो नेहमी त्रास देतो' हे वाक्य माझ्याकडे आणूच नका. 'नेहमी'वर कोणतंही कलम लागत नाही.

शिवी जशीच्या तशी लिहायची. इथेच आपल्या बायकांचं घोडं पेंड खातं. 'आईवरून बोलला', 'घाण बोलला' असं सांगतात, आणि नोंदसुद्धा तेवढीच मिळमिळीत होते. कलम लागतं ते उच्चारलेल्या शब्दांवर. तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून ठाण्यात ड्यूटीवरच्या पोलीस बाईंच्या हातात द्या. मी जन्मभर टाइप केलेत असले शब्द. कागदावर आले की त्यांची घाण शेजाऱ्याची, आपली नाही.

मोबाइलवर रेकॉर्डिंग जमलं तर करा. पण मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या, कापू नका, आवाज वाढवू नका. कोर्टात ती दाखवायची झाली तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि फोन विकून टाकलात की तिथे अडचण सुरू होते. कॅम्पच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर चुकूनही टाकू नका. बदनामी केली म्हणून शेजारीच तुमच्या आधी चौकीत पोचेल. कॅमेरा लावायचा असला तर त्याचं तोंड आपल्या दाराकडे ठेवा, त्याच्या दाराकडे नाही.

आणि उलट शिवी द्यायची नाही, हात तर लावायचाच नाही. उपदेश म्हणून सांगत नाही, हा हिशेब आहे. तुम्ही एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केलीत की दुसऱ्या दिवशी तोही तुमच्यावर एनसी करतो, याला क्रॉस म्हणतात. त्याच्या क्रॉसमध्ये खरं काही सापडलं तर साहेब दोघांनाही समोर बसवून 'मिटवा आपसात' म्हणणार. गणपती मंडळाच्या पोरांना पाठवून दम द्यायची कल्पना कुणी काढली तर त्यालाही हेच उत्तर.

पोलीस ठाण्यात

गुन्हे दोन प्रकारचे. दखलपात्र असला की एफआयआर, अदखलपात्र असला की एनसी. भांडण उकरून काढायला केलेला अपमान, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२, आणि साधी मारहाण, म्हणजे ११५(२), हे अदखलपात्र. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपास करू शकत नाहीत. म्हणून 'नुसती एनसीच घेतली' असं म्हणत चिडून बाहेर पडू नका. तेवढं त्यांच्या हातात नसतं.

मात्र नुसत्या शिवीबरोबर आणखीही काही घडलेलं असतं, आणि ते आपण सांगतच नाही. जिन्यात आडवा उभा राहून जाऊ दिलं नाही? ती अडवणूक, कलम १२६(२), दखलपात्र. दार ढकलून आत आला? गृहअतिक्रमण, तेही दखलपात्र. बाईमाणसाला उद्देशून अश्लील शब्द किंवा हावभाव? कलम ७९, दखलपात्र. आणि फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, म्हणजे नागरिक सुरक्षा संहिता, तिचं कलम १७४ म्हणतं की एकाच प्रकरणात अनेक गुन्हे असले आणि त्यातला एक जरी दखलपात्र असला, तर सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं. सगळ्या कायद्यात आपल्या कामाची ओळ कोणती विचाराल तर मी ही सांगेन. घडलं नाही ते घालू नका. घडलं ते एकही गाळू नका.

अर्ज दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. मी लिहिते तो साधारण असा असतो:

'दिनांक अमुक रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास मी पाणी घेऊन वर येत असताना गाळा क्रमांक अमुक येथे राहणाऱ्या इसमाने दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात आडवे उभे राहून माझी वाट अडवली, मला (शब्द जसेच्या तसे) अशी शिवीगाळ केली व "उद्या खाली भेट, हातपाय तोडतो" अशी धमकी दिली. त्या वेळी गाळा क्रमांक अमुक मधील अमुक हजर होते. यापूर्वी अमुक तारखेस एनसी क्रमांक अमुक नोंद आहे. तरी गुन्हा नोंदवून सदर इसमावर प्रतिबंधक कारवाई करावी, ही विनंती.'

एका पानापेक्षा मोठा नको. २०१४ साली त्याच्या मेहुण्याने गणपतीची वर्गणी बुडवली होती, हे त्यात येऊ नये. लोकांना ते गाळायला सांगितलं की माझ्यावरच रागावतात.

कलम ७९ सारख्या गुन्ह्यांत बाईची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. साक्षीदार बाई असेल किंवा साठीच्या पुढची व्यक्ती असेल, तर तिला जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, घरी येऊन जबाब घ्यावा लागतो. शेजारची आजी 'मला पोलीस चौकीची पायरी नको' म्हणून साक्षीला कचरत असेल, तर तिला हे जरूर सांगा.

एफआयआर नाकारली तर आवाज चढवू नका. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं आहे. तोच अर्ज पोलीस उपायुक्तांना स्पीड पोस्टाने पाठवा, पावती वहीत चिकटवा. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. त्यासाठी वकील परवडत नाही म्हणू नका. बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, अपंगाला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. नंबर १५१००.

मार लागला असेल तर आधी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जा. 'पडले' म्हणू नका. कुणी मारलं ते सांगा, म्हणजे कागदावर एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, म्हणून नोंद होते. हळद लावून घरी बसलेल्या जखमेचा पुरावा चार दिवसांत भरून येतो.

जातीवरून शिवी असेल तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, पण तो अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही. आपल्याकडे बहुतेक सगळं पॅसेजमध्येच होतं. तेव्हा पॅसेजमध्ये कोण कोण उभं होतं, ते वहीत असू द्या. मुंबईत याचा तपास सहायक पोलीस आयुक्त करतात.

चॅप्टर

माझ्या अनुभवात शिवराळ माणूस सरळ होतो तो एफआयआरने नाही, चॅप्टरने. एफआयआर झाली की जामीन घेतो, पेढे वाटतो, खटला रेंगाळतो. चॅप्टर म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ ची कारवाई, जुन्या कायद्यातलं १०७. हा माणूस शांतता बिघडवेल अशी खात्री पटली, तर एक वर्षापर्यंत नीट वागण्याचं बंधपत्र त्याच्याकडून घेता येतं. मुंबईत हे अधिकार सहायक पोलीस आयुक्तांकडे असतात. बंधपत्र मोडलं तर उरलेल्या मुदतीसाठी तुरुंग. शिवाय मधल्या काळात तारखांना हजर राहायचं, जामीनदार शोधायचा, कामाचे खाडे. दारू उतरते ती इथे.

आणि चॅप्टर उभा राहतो तो एनसीवर. एक एनसी म्हणजे भांडण. त्याच माणसावर वेगवेगळ्या तारखांच्या, वेगवेगळ्या खोल्यांतल्या लोकांनी केलेल्या चार एनसी म्हणजे सवय. म्हणून मजल्यावरच्या ज्यांना ज्यांना त्रास आहे, त्यांनी एकाच कागदावर सह्या करून भागत नाही. ज्याने त्याने आपापली एनसी करावी. सह्यांच्या कागदाला, खरं सांगायचं तर, आपण फार मान देतो.

म्हाडाकडे

इथे शिव्यांचा पाढा वाचू नका. म्हाडाला विचारायचं ते खोलीबद्दल: त्या गाळ्यात मूळ गाळेधारक राहतो का, पोटभाड्याने दिलाय का, पॅसेज अडवून बांधकाम केलंय का. १९७६ च्या म्हाडा कायद्याच्या कलम ६६ खाली पोटभाडं, अटींचा भंग किंवा अनधिकृत ताबा या कारणांवरून गाळा रिकामा करून घेता येतो. आधी अर्ज मिळकत व्यवस्थापकाकडे, मग वांद्र्याच्या गृहनिर्माण भवनात, आवक शिक्क्यासह. उत्तर नाही आलं तर दहा रुपयांचा माहिती अधिकार: 'माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली?' उत्तराची मुदत ३० दिवस. शेजाऱ्याची वैयक्तिक माहिती मागाल तर नकार मिळेल. आपल्याच अर्जाचं विचाराल तर द्यावं लागतं.

हे करण्याआधी आपलं घर तपासा. भाड्याच्या पावत्या सलग आहेत का? खोली अजून सासऱ्यांच्या नावावर असून वारसाची नोंद राहिली आहे का? तपासणीला येणारा माणूस दोन्ही दारं ठोठावतो.

दुसरं, शेजारी स्वतःच कुणाचा पोटभाडेकरू असेल तर त्याला 'घुसखोर' म्हणून हिणवण्यात काही मिळत नाही. त्या घरातली बाई-पोरं तुमच्याशी नीट असतात बऱ्याचदा. मूळ गाळेधारकाला शोधून फोन करा, गाळा जाईल एवढं कानावर घाला. पुष्कळदा तो दोन दिवसांत स्वतः येऊन बोलतो.

त्रासाला कंटाळून खोलीला कुलूप लावून गावी निघून जाणं, हे मात्र करू नका. बंद खोली सगळ्यांच्या डोळ्यांवर येते, आणि 'तुम्ही राहतच नाही' हे तुमच्याविरुद्धच लिहिलं जातं. अगदीच असह्य झालं तर एनसीच्या झेरॉक्स जोडून दुसऱ्या इमारतीत गाळा बदलून मागा. देणं न देणं मंडळाच्या हातात आहे, पण अर्ज नोंदीवर राहतो. लहान मुलं किंवा म्हातारं माणूस एकटं घरी असतं तेव्हासाठी १०३ हा मुंबई पोलिसांचा नंबर फोनवर त्यांना सेव्ह करून द्या, आणि एकदा त्यांच्याकडून फिरवून घेण्याची तालीम करा. नंबर लावू नका, फक्त कुठे दाबायचं ते दाखवा.

ठाण्यातले साहेब बदलतात. नवीन साहेब आले की पहिल्याच आठवड्यात एक पान घेऊन जायचं: एनसी क्रमांक, तारखा, चॅप्टर झाला असेल तर बंधपत्राची मुदत कधी संपते ती तारीख. तक्रार करायला आलात असं म्हणू नका. माहितीसाठी दिलंय म्हणा, शिक्का घ्या आणि चहा विचारला तर पिऊन या.