पेटी उघडण्याआधी फाइल उघडा

आजारी मुलांच्या मेंदूविषयक चाचण्यांच्या कामात येणाऱ्यांना माझी पहिल्या महिन्यातली चूक आधी सांगते. इंदूरला नुकतीच रुजू झाले होते. अलीराजपूरकडचा दहा वर्षांचा मुलगा आला, सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. शाळेचं म्हणणं, आळशी आहे. मी मालिनची बुद्धिमत्ता चाचणी घेतली, बुद्ध्यांक कमी आला, अहवाल देऊन टाकला. आदल्या रात्री पाय ठणकत होते म्हणून तो झोपलाच नव्हता, आणि घरी भिलाली बोलतात, हे त्याच्या आईने मागाहून सांगितलं. तीच चाचणी लगेच पुन्हा घेता येत नाही. प्रश्न ओळखीचे होतात, गुण फुगतात. तो कागद कित्येक महिने त्याच्या फाइलीत तसाच राहिला. अजून टोचतं.

आता चाचणीची पेटी उघडण्याआधी फाइल. थॅलेसेमिया असेल तर रक्त कधी चढवलं? पुढची तारीख जवळ आली की मूल थकलेलं असतं. टाइप 1 मधुमेहात शुगर तिथेच बघून घ्या. ती उतरली की लक्ष उडतं. फिट्स येणारं मूल फेनोबार्बिटोन या फिट्सवरच्या औषधावर असेल तर वेग कमी भरू शकतो. ल्युकेमियात डोक्याला रेडिएशन दिलं असेल तर परिणाम काही वर्षांनी दिसतो, म्हणून एका तपासणीवर थांबू नका.

भाषाही विचारा. इंदूरच्या आपल्या रामबागेतलं मूल घरी मराठी बोलतं, पण पाढे हिंदीत म्हणतं. अंक मराठीत विचारले की अडखळतं.

सिकल सेलमध्ये मेंदूत मूक आघात, म्हणजे रक्तपुरवठा अडून होणारी पण बाहेरून न जाणवणारी इजा, होऊ शकतात. हात-पाय, बोलणं सगळं ठीक. डाग फक्त एमआरआयवर दिसतात. तो मुलगा दुसऱ्यांदा आला तेव्हा लक्ष, स्मरण आणि वेग वेगवेगळे तपासणाऱ्या चाचण्या घेतल्या. अंक सुलटे धडाधड सांगितले, उलटे सांगताना गाडी अडली. चिन्हं भरताना चूक एकही नाही, पण निम्मा कागद कोरा. त्याला आळस म्हणत नाहीत. मी न्यूरॉलॉजिस्टकडे चिठ्ठी दिली.

भारतीय पुनर्वसन परिषदेकडे आपली व्यावसायिक नोंदणी झाल्याशिवाय अहवालावर सही करू नका. आणि 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकल सेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहेत, हे आई-वडिलांना आवर्जून सांगा. बहुतेकांना ठाऊक नसतं.

त्याच्या दुसऱ्या अहवालात बुद्ध्यांक शेवटी लिहिला. सगळ्यात वर, मास्तरांसाठी, सोप्या हिंदीत: परीक्षेत जास्त वेळ द्या, एका वेळी एकच काम सांगा, पाण्याची बाटली बाकावर राहू द्या.