काजूत जाताय? मग माकडतापासाठी एवढं कराच

काजू धरायला लागले की गोव्यातल्या सत्तरीत आमच्याकडे सगळ्यांचं लक्ष बोंडू, बी आणि हुर्राकावर (बोंडूच्या रसाची हलकी दारू), आणि नेमका तेव्हाच माकडतापाचा सीझन जोरात असतो. गोव्यात 2015 ला पाली गावात केसेस सापडल्या तेव्हा कुठे लोकांना हे नाव कळलं. आजार मात्र जुना, 1957 मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला म्हणून डॉक्टर त्याला केएफडी (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज) म्हणतात.

माकडताप म्हटलं तरी तो मुख्यतः गोचीड चावल्याने येतो. आणि चावते ती गुरांच्या कानाला टम्म फुगलेली दिसते ती मोठी गोचीड नव्हे हां, चावतात तिची पिल्लं. पावसाळा संपला की नोव्हेंबर ते मे ती सुक्या पाल्यात असतात, तिळाहून बारीक, चावली तरी कळत नाही. म्हणून काळजी घरातूनच घेऊन निघायचं.

फुल शर्ट, फुल पँट, पँटचे पाय मोज्यात खोचा, गमबूट असतील तर फारच बरं. आरोग्य केंद्रात गोचीड दूर ठेवणारं डीएमपी किंवा डेपा तेल मिळतं का विचारा, हातापायांना, मानेला लावा आणि घाम आला की परत लावा, सकाळी एकदा लावलं की झालं असं नाही. बी वेचताना पाला हाताने नको, काठीने सारा. जेवायला पाल्यावर बसूच नका, मोकळा दगड बघा.

घरी आल्यावर कपडे खाटेवर टाकायचे नाहीत, सरळ गरम पाण्यात. साबणाने आंघोळ करा आणि काखेत, जांघेत, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत नीट बघा, मुलांचं तर मोठ्यांनीच बघायचं. चिकटलेली दिसली तर रॉकेल, माचिस काही नको. बारीक चिमट्याने कातडीला लागून धरायची, सावकाश सरळ वर ओढायची, नखाने चिरडायची नाही, मग जागा साबणाने धुवा.

चावल्यावर साधारण 3 ते 8 दिवसांत एकदम ताप भरतो, कपाळ ठणकतं, अंग मोडून येतं, उलट्या, काहींना नाका-हिरड्यांतून रक्तही येतं. फार्मसीतून गोळ्या आणून घरी पडून राहू नका प्लीज, ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन तर नकोच, रक्तस्राव वाढू शकतो. आणि डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच, "मी काजूत जातो". कारण डेंग्यू, लेप्टो, मलेरिया सगळ्यांची सुरुवात सारखीच असते, आपण सांगितलं नाही तर टेस्ट भलत्याचीच होत राहते, आणि रक्तात व्हायरस सापडायचे दिवस सुरुवातीचेच असतात. व्हायरस मारणारं खास औषध नाही, पण वेळेत सलाईन आणि देखरेख मिळाली तर बहुतेक जण बरे होतात. शंभरात 3 ते 5 जण दगावतात, म्हणून अंगावर काढू नका.

भाटात (बागेत) किंवा रानात माकड मेलेलं दिसलं तर जवळ जायचं नाही, पुरायचं-जाळायचंही आपण नाही. ते मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच आसपास पसरतात. लगेच वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला फोन करा, ते येऊन गोचिडी मारायची पावडर मारतात, तोवर गुरंही तिकडे सोडू नका.

अजून एक, ताप उतरला की लोक लगेच कामाला जातात. पण शंभरातल्या 10 ते 20 जणांना मधे बरं वाटून आठवड्या-दोन आठवड्यांनी परत ताप येतो, त्यात डोकं फार दुखणं, हात थरथरणं, नीट न दिसणं असं होऊ शकतं. असं काही जाणवलं तर त्याच दिवशी परत दवाखान्यात.